कॅडीला नुसती बॅग उचलायला नेऊ नकोस

अरे, नवीन गोल्फ कोर्सवर पहिल्याच टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) कॅडीला, म्हणजे बॅग उचलून सल्लाही देणाऱ्या सोबत्याला, खरं सांग की तुझ्या सात नंबर आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) बॉल नेहमी किती लांब जातो, कधीतरी चुकून गेला तो आकडा नको, कारण त्यावरूनच तो क्लब सुचवणार. मग प्रत्येक होलला एकच विचार, "बॉल कुठे गेला तर वाट लागेल?" पाणी डावीकडे असेल तर उजवीकडे खेळ, दरवेळी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) काढायलाच हवा असं काही नाही. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) तर कॅडीचं ऐकच, उतार डोळ्यांना फसवतो. नवखे विचारतात आणि बॉलसमोर उभं राहून मन बदलतात, ते टाळ. आणि हो, स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला सल्ला विचारू नकोस, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) २ पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे दंडाचे फटके, बसतात. वाऱ्याचं गणित नंतर बघू.