वार, नाळ, जार की अपरा?

कागलहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टर म्हणाल्या, ‘वार खाली आहे.’ घरी आल्यावर नणंद म्हणाली, ‘म्हणजे नाळ खाली आहे.’ गोठ्यात म्हशी असणाऱ्या सासूबाईंनी ‘जार’ म्हटलं आणि भाच्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात निघाली ‘अपरा’. हे सगळं एकच का?

ताई, वार, जार आणि अपरा एकाच अवयवाची नावं म्हणून चालतात. नाळ मात्र वेगळी.

वार म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटून वाढणारा, आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव. नऊ महिने भरल्यावर ती साधारण अर्धा किलो वजनाची, वीस-बावीस सेंटिमीटर रुंद आणि चपटी असते. इंग्रजीतून आलेला ‘प्लॅसेंटा’ हा शब्द मूळचा लॅटिन आणि तिथे त्याचा अर्थ चपटी पोळी असाच आहे. नाळ ही वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंत जाणारी दोरी. ती साधारण अर्धा मीटर लांब असते आणि तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला असते. बाळाच्या गळ्याला वेढा पडतो तो नाळेचा, जन्मल्यावर कापतात तीही नाळच. या दोन्ही ठिकाणी ‘वार’ म्हणून बघा, वाक्य लगेच खोटं पडतं.

हा फरक आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या नाभीला नाडी, नाडीला अपरा आणि अपरा आईच्या हृदयाशी जोडलेली, अशी साखळीच सांगितली आहे. पाठ्यपुस्तकातली ‘अपरा’ आली ती याच परंपरेतून.

मग घोटाळा का होतो? एक कारण मला म्हणींत दिसतं. घरच्या बाळंतपणात वार आणि तिला लागून राहिलेला नाळेचा तुकडा एकत्रच पुरत. बोलण्यात मात्र ‘तिथं काय तुझी नाळ पुरलीय?’ एवढंच उरलं. ‘मातीशी नाळ’ लेखांत आणि भाषणांत मिरवत राहिली, वार बाळंतिणीच्या खोलीत आणि गोठ्यात राहिली. म्हणून वार हा शब्द अडाणी वाटू लागला आणि त्याच्या जागी लोक नाळ घालू लागले. मला हे मनापासून खटकतं. वार हा नेमका, छोटा आणि अस्सल मराठी शब्द आहे. तुमच्या डॉक्टरांनी तो वापरला, हे फार चांगलं केलं.

‘जार’ची गोष्ट तर सुरस आहे. संस्कृत ‘जरायु’ म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन, त्यातून जार आला. संतवाङ्मयात जीवांच्या चार खाणी येतात: अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. यातला जारज म्हणजे वेष्टनासह जन्मणारा, माणूस आणि गाई-म्हशी त्यात आल्या. परपुरुष या अर्थाच्या ‘जार’शी त्याचा काही संबंध नाही, कीर्तन ऐकताना काहींची इथे गफलत होते. आज जार प्रामुख्याने जनावरांसाठी ऐकू येतो. आपल्या दुधाच्या जिल्ह्यात म्हैस व्याली की पहिली चौकशी असते, ‘वार पडली का?’ किंवा ‘जार पडला का?’ सासूबाईंचा शब्द त्यामुळे चुकीचा नाही, फक्त गोठ्यातला आहे. गाई-म्हशींत वार एका जागी न चिकटता गर्भाशयावरच्या अनेक गाठींना धरून असते, म्हणून ती अडकण्याची तक्रारही तिथे नेहमीची. अडकलेली वार घरच्या घरी ओढून काढू नये, पशुवैद्याला बोलवावं.

लिंगाचंही सांगायला हवं. ही वार स्त्रीलिंगी: वार पडली, वार अडकली, वारेचा तुकडा राहिला. सोमवारातला, तलवारीचा आणि कापड मोजायचा वार पुल्लिंगी.

आता तुमच्या रिपोर्टचं. ‘वार खाली’ म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडाजवळ चिकटलेली आहे. ‘वार पडली’ हा प्रयोग बाळंतपणानंतर ती बाहेर येण्याचा. त्याचा याच्याशी गोंधळ करू नका. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेक जणींत पुढे तोंडापासून दूर जाते, कारण गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो. याला ‘वार वर सरकली’ म्हणतात. तोवर अंगावरून रक्त गेलं, तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि पुढच्या सोनोग्राफीला डॉक्टरांना नेमकं विचारा: ‘वार वर सरकली का, आणि आता तोंडापासून किती अंतरावर आहे?’