६० गिगाहर्ट्झचा सिग्नल १ किलोमीटर फायबरवरून न्यायला कोणता मॉड्युलेटर (लेझरच्या प्रकाशावर सिग्नल चढवणारा भाग) घ्यावा: इलेक्ट्रो-अॅब्सॉर्प्शन की माख-झेंडर?

माझं मत माख-झेंडरला, म्हणजे प्रकाश दोन भुजांत वाटून पुन्हा एकत्र करणाऱ्याला. पण तुमची खरी अडचण मॉड्युलेटरमध्ये नाही, त्या १ किलोमीटरमध्ये आहे.

नेहमीचा क्वाड्रेचर बायस (निम्मा प्रकाश जाऊ देणारा स्थिर व्होल्टेज) ठेवलात की कॅरिअरच्या, म्हणजे लेझरच्या मूळ रेषेच्या, दोन्ही बाजूंना ६० गिगाहर्ट्झवर एकेक साइडबँड, म्हणजे जोडरेषा, उमटतो. साध्या सिंगल-मोड फायबरचं डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश मागेपुढे पोचणं) १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे, नॅनोमीटरमागे साधारण १७ पिकोसेकंद. त्यामुळे साइडबँडच्या फेज सरकतात आणि फोटोडायोडवर कॅरिअरशी होणारे त्यांचे दोन्ही बीट (फरकाच्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल) एकमेकांना खोडून काढतात. आकडे घालून बघा, ६० गिगाहर्ट्झला पहिला शून्यबिंदू जवळजवळ १ किलोमीटरवरच येतो! गंमत म्हणजे २ किलोमीटरचं रीळ लावलंत तर सिग्नल परत हजर, आणि तुम्ही बिचाऱ्या कनेक्टरवर संशय घेत बसणार. पहिल्या शून्यबिंदूचं अंतर फ्रिक्वेन्सीच्या वर्गानुसार घटतं. २८ गिगाहर्ट्झला ते ४.७ किलोमीटर असतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही अँटेनांचे सिग्नल फायबरवरूनच येतात, पण ते दीड गिगाहर्ट्झच्या आतले, म्हणून तिथे हे दुखणं जाणवत नाही.

उपाय बायसमध्ये आहे. ड्युअल-ड्राइव्ह माख-झेंडरच्या दोन भुजांना ९० अंशांच्या फरकाने सिग्नल दिला की एक साइडबँड उरतच नाही, मग खोडणार कोण? दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. बायस नलवर, म्हणजे मॉड्युलेटरमधून कमीत कमी प्रकाश जातो त्या बिंदूवर, आणा आणि ड्राइव्ह ३० गिगाहर्ट्झचाच द्या. कॅरिअर दबतो, उरलेल्या दोन रेषांमधलं अंतर ६० गिगाहर्ट्झ, आणि इलेक्ट्रॉनिक्स निम्म्या फ्रिक्वेन्सीचं. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीत अँटेनांना संदर्भ-सिग्नल असाच दोन प्रकाशरेषांमधल्या फरकातून मिळतो. मात्र त्याच ड्राइव्हवर क्यूपीएसके (चार फेजमध्ये माहिती भरणारा) डेटा चढवू नका. बीटमध्ये फेज दुप्पट होते आणि चारातली दोनच चिन्हं उरतात.

इलेक्ट्रो-अॅब्सॉर्प्शनवाला छोटा, कमी व्होल्टेजचा, लेझरसोबत एकाच चिपवर बसणारा. पण तो प्रकाश शोषून काम करतो, त्यामुळे ही नलची युक्ती त्याच्याकडून होत नाही. शिवाय तापमान बदललं की त्याचं वागणं बदलतं. लिथियम नायोबेटच्या माख-झेंडरचा बायसही सरकतो म्हणा, तेव्हा बायस कंट्रोलरचे पैसे वाचवू नका.

बजेट तोकडं असेल तर सरळ १३१० नॅनोमीटरचा लेझर लावा. तिथे डिस्पर्शन जवळपास शून्य, आणि १ किलोमीटरला अॅम्प्लिफायरही लागत नाही. फक्त मॉड्युलेटर १३१०साठीच बनवलेला मागवा.