मोबाईलला वायफाय नीट मिळतं, लॅपटॉपचं मात्र दर थोड्या वेळाने तुटतं. पासवर्ड बरोबर आहे. काय करू?

मोबाईल चालतोय म्हणजे लाईन ठीक आहे, कंपनीला फोन करत बसू नका.

आधी राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी बघा. तिथे डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती) मिक्स्ड असेल तर जुनी वायफाय कार्डं गडबडतात; फक्त डब्ल्यूपीए२, एईएस (माहिती सांकेतिक करायची पद्धत) ठेवा. टीकेआयपी ही जुनी पद्धत नकोच, त्याने वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. बदल केल्यावर लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाका. जुनं प्रोफाईल तसंच राहिलं तर जोडणी पुन्हा अडू शकते.

घड्याळ लावून बघा. बरोबर तासाभराने तुटत असेल तर संशय 'ग्रुप की' बदलण्यावर, म्हणजे राउटर सगळ्या उपकरणांना मिळून देतो ती सांकेतिक किल्ली. बऱ्याच राउटरमध्ये ती ३६०० सेकंदांनी बदलते आणि ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जुना असला की लॅपटॉप तिथेच गळतो. लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर घ्या. काही मिनिटं हात न लावल्यावर तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा.

वेळेचा काही नेमच नसेल तर गर्दी. मुंबईतल्या इमारतीत एका खोलीत शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं सहज दिसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या वायफाय पट्ट्यावर चॅनल (त्या पट्ट्यातला भाग) १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'ऑटो'वर १३ लागला तर काही लॅपटॉपना नेटवर्कच दिसत नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा. दोन भिंतींपलीकडे मात्र ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर मान टाकतो.