धानाचे दोन विषाणू आणि बाराशेची बाटली

प्रश्न : माझी तीन एकर धानाची शेती आहे. रोवणी होऊन महिना झाला आणि एका बांधीत मधल्या पट्ट्यातली पानं शेंड्याकडून पिवळी-नारिंगी होत गेली, झाडं खुजी राहिली. कृषी केंद्रात पान दाखवलं तर ‘व्हायरस आहे’ म्हणून बाराशे रुपयांची बाटली दिली. फवारली, फरक नाही. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने मोबाइलवर वाचलं की टुंग्रो नावाचा रोग दोन विषाणू मिळून करतात. एकाने भागत नाही का?
— एक शेतकरी, गोंदिया जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी बाटलीचं बोलू. धानाच्या पेशीत शिरलेला विषाणू मारून झाड बरं करील, असं फवारायचं औषध नाही. विषाणू पेशीचीच यंत्रं वापरतो, त्याला धरायला जावं तर हाताला धानच लागतं. तुमचे बाराशे गेले, ते सोडा. पुढच्या वेळी दुकानदाराला बाटलीवरचं लेबल वाचून दाखवायला सांगा, औषध नेमकं कशावर चालतं ते त्यावर छापलेलं असतं.

दुसरं, तुम्ही पाठवलेला फोटो पाहून मी टुंग्रो म्हणणार नाही. जस्त कमी पडलं तरी धान खुजं राहतं, पण तेव्हा पानांवर विटकरी ठिपके येतात. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात, आणि बहुधा बांधीभर. टुंग्रो पट्ट्यापट्ट्याने दिसतो, कारण तो हिरव्या तुडतुड्यांच्या, म्हणजे धानाचा रस शोषणाऱ्या किड्यांच्या, मागे जातो. घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. पहाटे सहाच्या आत पानाचा दहा सेंटिमीटर शेंडा कापायचा. 100 मिली पाण्यात 2 ग्रॅम आयोडीन आणि 6 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालून त्यात तो पंधरा मिनिटं बुडवायचा, मग धुऊन पाहायचा. गडद निळ्या रेघा आल्या तर संशय पक्का. निरोगी पान दिवसा साठवलेलं पिष्ट रात्रीतून खाली पाठवून मोकळं होतं, रोगी पानात ते अडकून पडतं. मुलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही रसायनं असतातच. शंभर टक्के खात्री मात्र कृषी विद्यापीठात पीसीआर ही विषाणूची जनुकं शोधणारी चाचणी केल्यावरच.

आता तिचा प्रश्न. टुंग्रो हा फिलिपिन्समधल्या इलोकानो भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘खुंटलेली वाढ’. तुडतुड्यांमुळे तो पसरतो हे तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत 1965 मध्ये दाखवलं गेलं. आत दोन वेगळे विषाणू आहेत हे पुढच्या दहा-बारा वर्षांत उलगडलं. एक दांडक्यासारखा, एक गोल. मी त्यांना दांडका आणि गोळा म्हणते.

दोघांची जात इतकी वेगळी की एका घरात कसे नांदतात याचं नवल वाटावं. गोळ्याकडे आरएनएची एकच लांब पट्टी आहे, सुमारे 12,000 अक्षरांची. तिच्यावरून एक अगडबंब प्रथिन तयार होतं आणि ते स्वतःच स्वतःचे तुकडे करून कामाला लागतं. दांडक्याकडे सुमारे 8,000 अक्षरांचं डीएनएचं कडं. ते धानाच्या केंद्रकात जातं, तिथे त्याची आरएनए प्रत निघते, आणि बाहेर येऊन त्या प्रतीवरून उलट डीएनए बनतो. हेच उलटं काम एचआयव्ही करतो, कावीळ-बीही करतो.

मुलीला एक गंमत सांगा. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रथिनाची सुरुवात आरएनएवरच्या एयूजी या तीन अक्षरी खुणेने होते. दांडक्याचं पहिलं जनुक सुरू होतं एयूयूने! त्याच्या आधी आरएनएची मोठी गुंतवळ आहे, रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं पेशीचं यंत्र, ती वाचत बसत नाही, वरून उडी मारून पलीकडे उतरतो. एयूयू ही कच्ची खूण, म्हणून बरेच रायबोसोम तिथे न थांबता पुढे सरकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या जनुकापाशी पोचतात. खूण पक्की असती तर मागच्या जनुकांना कोणी विचारलं नसतं. शिवाय या विषाणूच्या नात्यातल्या कुणाचे तरी तुटके तुकडे धानाच्या स्वतःच्या डीएनएत सापडतात, जुन्या भाडेकरूने माळ्यावर टाकलेल्या सामानासारखे.

रोग करतो तो दांडका. पिवळेपणा, खुजेपणा त्याचाच. पण त्याला एकट्याला तुडतुड्यावर बसून दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. गोळ्याला येतं, आणि गोळा एकटा असला तर झाडाला फारसं काही होतही नाही. म्हणजे गाडी एकाची, दुखणं दुसऱ्याचं. 1980च्या दशकात फिलिपिन्समध्ये केलेला प्रयोग आम्ही हैदराबादेत शिकताना पुन्हा केला होता. तुडतुडे आधी गोळ्याच्या झाडावर, मग दांडक्याच्या झाडावर ठेवले की रोग पुढे जातो. क्रम उलटा केला की दांडका जागेवरच. तुडतुडे पकडायला काचेची नळी आणि रबरी पाइप, तोंडाने ओढायचं. मधली जाळी एकदा निसटली आणि तुडतुडा माझ्या घशात. त्या दिवसाच्या नोंदवहीत ‘कीटक 19’ खोडून 18 केलेलं आहे.

तुडतुड्याच्या अंगात हे विषाणू वाढत नाहीत, नुसते पुढच्या आतड्याच्या अस्तराला चिकटतात. पिल्लाने कात टाकली की अस्तरासकट जातात. नवा रोग घ्यायला त्याला रोगी झाडावर पुन्हा बसावं लागतं, अर्धा तास पुरतो. म्हणून करायचं ते इतकंच : पऱ्ह्यांच्या गादीवरच तुडतुड्यांवर लक्ष ठेवा, रोगी बुंधे दिसताच उपटून गाडा, आणि कापणीनंतर धसकटं नांगरून टाका. त्यांना फुटलेले हिरवे फुटवे म्हणजे रोगाचं उन्हाळी घर.

आणि गाडी पंक्चर करण्याचा मार्गही सापडला आहे. इंडोनेशियाच्या उत्री मेराह या वाणात गोळा वाढत नाही. प्रथिनं बनवायला गोळा धानाचं इआयएफ-4-जी हे प्रथिन उसनं घेतो. या वाणात त्या प्रथिनातली एका जागची एक-दोन अमिनो आम्लं बदललेली आहेत. धानाचं काम अडत नाही, गोळ्याचं अडतं. 2018 मध्ये क्रिस्पर या जनुक-कात्रीने आयआर-64 या वाणात असाच बदल करून दाखवला गेला. दांडक्यावर थेट घाव घालायचं काम दिल्ली विद्यापीठात झालं, तिथे पुसा बासमतीला आरएनएच्या वाटेने दांडक्याची जनुकं गप्प करायला शिकवलं.

प्रश्न : असा रोगट भात खाल्ला तर चालतो का? आणि बियाण्यातून पुढे येतो का?
— एक गृहिणी, पनवेल

उत्तर : खुशाल खा. वनस्पतीचा विषाणू माणसाला लागत नाही. टुंग्रो बियाण्यातून येत नाही. रोगी झाडाला दाणा मात्र कमी आणि पोचट.

प्रश्न : ऋषिपंचमीला आमच्याकडे देवभात लागतो. भाची कृषी महाविद्यालयात आहे. ती म्हणते, या रानटी भातानं फिलिपिन्सचा भात वाचवला. थट्टा करते का?
— एक आजी, रत्नागिरी

उत्तर : थट्टा नाही, आजी. नीवार म्हणतात तो हाच, शास्त्रीय नावही ‘ओरायझा निवारा’. 1970च्या सुमारास आशियात ‘ग्रासी स्टंट’ नावाच्या विषाणूने धुमाकूळ घातला होता. धान गवतासारखं झुबकेदार होई आणि लोंबीच येईना. तो तपकिरी तुडतुड्यांतून पसरतो, आणि टुंग्रोसारखा नुसता चिकटत नाही, तुडतुड्याच्या अंगातही वाढतो. मनिलाजवळच्या त्याच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भाताचे हजारो नमुने तपासले, तगला फक्त नीवाराचा एक, उत्तर प्रदेशातून आणलेला. त्याचं जनुक पंजाबच्या गुरुदेव खुश यांच्या चमूने लागवडीच्या भातात उतरवलं. 1976 मध्ये आयआर-36 हा वाण आला आणि एके काळी तो एक कोटी दहा लाख हेक्टरवर होता. 1980च्या दशकात या विषाणूचा नवा प्रकार निघाला, तो त्या जनुकाला जुमानेना, ही पुढची गोष्ट.

तुमच्या तळ्याकाठचा देवभात लोंबीतच पिकून झडतो, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून भाचीला बी हवं असेल तर लोंब्यांना पातळ फडक्याच्या पिशव्या आधीच बांधायला सांगा, नाहीतर सगळं पाण्यात जाईल.