गळ्याची जुनी गाठ अचानक वाढू लागली तर

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. तिच्या गळ्यावर वीस वर्षांपासून थायरॉइडची गाठ आहे. तिचा त्रास कधी झाला नाही. गेल्या पाच आठवड्यांत मात्र गाठ दुपटीने वाढली, आवाज घोगरा झाला आणि आता तिला आडवे झोपता येत नाही. सुईच्या तपासणीत ‘अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सरची शक्यता, निदान अनिश्चित’ असे आले. डॉक्टर आता गाठीचा तुकडा काढायचा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, टोचले की कॅन्सर पसरतो. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आडवे होताच श्वास कोंडतो, याचा अर्थ श्वासनलिका दाबली जात आहे. म्हणूनच हा अंक निघण्याची वाट न पाहता, आईला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, असे आम्ही तुम्हाला फोनवर कळवले होते.

तुकडा अवश्य काढू द्यावा. अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग थायरॉइडच्या कर्करोगांत जेमतेम एक-दोन टक्के असतो, बहुधा साठीनंतर होतो आणि इतका आक्रमक असतो, की निदान होताच तो चौथ्या टप्प्यातला धरतात. पण थायरॉइडचा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोगही याच वयात, विशेषतः हाशिमोटोचा जुना आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते) असलेल्या स्त्रियांत, अशीच झपाट्याने वाढणारी गाठ घेऊन येतो, आणि सुईने काढलेल्या मोजक्या पेशींवरून या दोहोंतला फरक पुष्कळदा कळत नाही. लिम्फोमाची गाठ स्टिरॉइड आणि केमोथेरपीने काही दिवसांतही आक्रसू लागते. मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. एवढी मोठी शक्यता टोचण्याच्या भीतीपोटी दवडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. इथे खरा धोका उशिराचा आहे.

अ‍ॅनाप्लास्टिकच निघाला, तर त्याच तुकड्यावर बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल तपासायला सांगावे. तो असल्यास डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही औषधे एकत्र देता येतात. अमेरिकेत या आजारासाठी त्यांना २०१८ मध्ये मान्यता मिळाली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे मत घेता आले तर जरूर घ्यावे, पण श्वासाची सोय आधी व्हायला हवी.

गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणे अशा रुग्णांत सोपे नसते, कारण श्वासनलिका गाठीखाली दबलेली किंवा एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून त्याची आखणी आधीच करावी लागते. नळीनंतर बोलणे अवघड होते. तेव्हा ती बसवून घ्यायची की नाही, हे आईला बोलता येते आहे तोवर तिलाच विचारावे.