स्लॉट दोनच, मग तिसरं बोट कळतं कसं?

प्रश्न: लिनक्सवर टचपॅडच्या एबीएस_एमटी_स्लॉटचं मॅक्सिमम 1 दिसतं, तरी तीन बोटांचा टॅप चालतो. सॉफ्टवेअरने किती बोटं धरायची? विंडोजवर पण असंच का?

उत्तर: मोजायला तीन धरा, जागेसाठी दोन. स्लॉट म्हणजे एकेका बोटाची जागा नोंदवणारा कप्पा. त्यांची मोजणी शून्यापासून, म्हणून मॅक्सिमम 1 म्हणजे दोन स्लॉट. तिसऱ्या बोटाची फक्त हजेरी लागते, बीटीएन_टूल_ट्रिपलटॅप या कोडमधून. ते पॅडवर कुठे टेकलंय हे तुम्हाला कळायला मार्गच नाही.

आणि त्या दोन जागांवरही डोळे मिटून विसंबू नका. आधी ईव्हीआयओसीजीप्रॉपने (कर्नलला डिव्हाइसचे गुणधर्म विचारणारी हाक) इनपुट_प्रॉप_सेमी_एमटी बिट तपासा. तो लागला म्हणजे पॅड बोटं मोजतो, पण प्रत्येकाची जागा वेगळी सांगत नाही. 2008 ते 2011च्या सुमारास असे पॅड भरपूर निघाले. बिट लागलेला असेल तर हातात येतात ते बोटांभोवतीच्या चौकटीचे कोपरे. समजा बोटं (1000, 3000) आणि (4000, 1000) वर आहेत. तुम्हाला मिळतात (1000, 1000) आणि (4000, 3000). अंतर तेवढंच, म्हणून चिमटीचा झूम बरोबर चालतो. फिरवणं मात्र उलट्या दिशेला जातं, आणि माणूस कोनाच्या सूत्रात चूक शोधत बसतो! काही पॅड चौकट सगळ्या बोटांभोवती आखतात, काही शेवटच्या दोनच. तिथे फिरवण्याचं जेश्चर बंद ठेवा, सरळ.

'डिव्हाइसच्या नावांची यादी ठेवा, काम भागतं' म्हणणारे इथेच तोंडावर पडतात. नाव तेच राहून आतला फर्मवेअर बदलतो. बिट वाचा.

बिटही कधी थापा मारतात, हे खरं. काही डिव्हाइस सरसकट सगळे अक्ष (X, Y सारखे, ज्यांचे आकडे डिव्हाइस पाठवतं) जाहीर करतात, त्यात स्लॉटचा कोड 0x2f आपोआप येतो. त्याच्या आधीचा राखीव 0x2e पण लागलेला दिसला तर ते मल्टिटच नव्हे. ईव्हीआयओसीजीएबीएसमध्ये (अक्षाची माहिती विचारणारी हाक) रिझोल्यूशन, म्हणजे एका मिलिमीटरला किती एकक, 0 आलं तर मिलिमीटरचा हिशेब सोडा. भागाकार कराल तर शून्याने होईल.

विंडोजवर एसएम_मॅक्सिममटचेस एकाच वेळी किती स्पर्श चालतात याचा अख्ख्या मशीनचा आकडा देतं. एकेका डिव्हाइसचा हवा तर गेटपॉइंटरडिव्हाइसेस मागवून मॅक्सअ‍ॅक्टिव्हकॉन्टॅक्ट्स बघा.

लिनक्सचं हे सगळं ईव्हडेव्ह (कर्नलकडून येणारा कच्चा इनपुट) थेट वाचणाऱ्यांसाठी. लिबइनपुट (तो इनपुट हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर यातलं बरंचसं तेच निस्तरतं.