भावाला सिकलसेल, माझ्या लग्नाचं काय?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल (एसएस) आहे. मला कसलाच त्रास नाही. माझं लग्न जुळतंय. आत्या म्हणते, हा रोग आईच्या माहेरून आला. मुलाकडच्यांना सांगू का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ताई, आधी आत्यांचं बोलणं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. भाऊ एसएस आहे, म्हणजे त्याच्यात दोन सदोष जनुकं आहेत: एक आईकडून आलं आणि दुसरं बाबांकडून. एकट्या आईमुळे हा आजार होतच नाही. ओपीडीत सासूशेजारी मान खाली घालून बसलेल्या सुना मी फार पाहिल्या आहेत. हे घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

आता तुमचं. तुम्ही आजारी नसलात तरी वाहक, म्हणजे एएस (एकच सदोष जनुक, स्वतःला आजार नाही), असण्याची शक्यता ३ पैकी २ इतकी आहे. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे सिकलसेलच्या प्राथमिक रक्तचाचणीवर, थांबू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी एएस की एसएस ते कळत नाही. एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी तपासणी, करून घ्या. मुलाचीही तीच करा, कारण त्याच्यात थॅलेसेमियाचं (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) जनुक असेल तर सोल्युबिलिटीत ते दिसणार नाही, आणि तुम्ही एएस असाल तर ती जोडीही बाळाला त्रासदायक ठरते.

दोघंही एएस निघालात, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं बाळ आजारी झालं म्हणून पुढची सुटली, असं नसतं. अशा वेळी दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना गाठा. गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते.

मुलाकडच्यांना जरूर सांगा, तेही साखरपुड्याआधी. तुम्ही एकट्या एएस असाल आणि त्याचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर बिनधास्त लग्न करा.